तिकडं कोणाले काय आठवते

(सौंसरबाहेर, संत्र्याच्या बगिच्यातलं घर. दिवाळी होऊन आठ दिवस झाले आहेत. दुपार. हेमराज अंगणात बाजेवर पडला आहे. त्याची बायको विजयमाला बॅग भरते आहे.)

विजयमाला: अन् तुमचे दोन स्वेटर कुठी आहे? बॅगेत नाही, दोरीवर नाही.

हेमराज: पेटीत टाकले.

विजयमाला: पेटीत? उद्या सातची नागपूरची बस आहे. परवा नेपाळात उतरू तं दात वाजतीन. पेटीत कायले टाकले?

हेमराज: विजू, जरा बस इथं.

विजयमाला: उभ्यानं ऐकू येते मले. बोला.

हेमराज: मी नाही येत.

विजयमाला: नाही येत मतलब?

हेमराज: मतलब वापसच नाही जाचं. तीन वर्षं झाले, बस झालं. काल बाबाशी बोललो. इथंच नर्सरी टाकू म्हणते बाबा. खालच्या वावरात जंबेरी लिंबाचे खुंट लावू, त्याच्यावर आपलं संत्रं चढवू.

विजयमाला: काल बाबाशी बोलले. अन् मले आज, बॅग भरून झाल्यावर?

हेमराज: सांगणारच होतो.

विजयमाला: कुठी? बसमधी?

हेमराज: चिडू नको ना. तुले नाही समजत, माह्यं तिकडं काय होते ते. सकाळी उठलो का समोर डोंगर. मांगं पाहा तं डोंगर. नऊ वाजेपर्यंत सूर्य पाहाले भेटत नाही. इथं आलो त्या दिवशी, सावनेरच्या पुढं बस निघाली अन् दोन्हीकडं कापसाचं सपाट वावर दिसलं, तं मले वाटलं कोणीतरी छातीवरून गोटा उचलला. हसू नको.

विजयमाला: नाही हसून राहिली.

हेमराज: दोन्ही टाइम भात. ज्वारीचं पीठ नेलं होतं, ते संक्रांतीच्या आधीच संपलं. पण खाण्याचं जाऊ दे. बोलणं! तिकडं मी हिंदी बोलतो, ते नेपाळी बोलते, काम होते. पण एक गंमत कराची म्हणलं तं नाही करता येत. इथं कवडू नुसतं म्हणते, "काय करून राहिला बे?" अन् अर्धा घंटा कसा जाते समजत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिवसभर मोबाइल धरून बसलो होतो, गोटमारीत झेंडा पांढुर्ण्यानं तोडला का सावरगावनं. कोणाले सांगू? नर्सरीच्या मालकिणीले, दिदीले सांगतलं, आमच्याकडं नदीत झेंडा गाडते अन् दोन गावं एकमेकांवर गोटे फेकते. ते म्हणे, पोलीस काय करते?

विजयमाला: बरोबरच विचारलं तिनं.

हेमराज: पाह्य, तू बी तिच्याच बाजूनं! इथं रस्त्यानं चाललो का दहा लोकं विचारते, कुठी चालला, केव्हा आला, किती दिवस आहे. माणसाले वाटते, आपण आहो. तुले नाही आठवत हे काही?

विजयमाला: नाही.

हेमराज: काहीच नाही?

विजयमाला: तुमचं बोलून झालं असन तं मी माह्ये कपडे भरते. दिदीले जबान देल्ली आहे मी. मंगसिरात कलमाचे डोळे भराले हजर राहीन म्हणून.

हेमराज: मार्गशीर्ष म्हण ना. महिने बी तिकडचे झाले का तुह्ये?

भगवंतराव (हेमराजचे वडील, बगिच्यातून येत): काय झालं तिकडचं? सूनबाई, पाणी दे वं एक गिलास. काय ऊन आहे, कार्तिकात बी!

विजयमाला: घ्या, मामाजी. खुर्ची सावलीत घेऊ का?

भगवंतराव: राहू दे. हेमराज म्हणे, तुम्ही आता इथंच राहून राहिले. बरं केलं. माह्याच्यानं आता वाकून कलम बांधणं होत नाही.

विजयमाला: मले आत्ता सांगतलं यायनं. पाच मिनिटं झाले.

भगवंतराव: आत्ता? मी समजलो दोघांनं मिळून ठरवलं. काय रे?

हेमराज: सांगणारच होतो, बाबा.

विजयमाला: मामाजी, तुम्ही यायले ठेवून घ्या. मी उद्या जाऊन राहिली.

भगवंतराव: कुठी?

विजयमाला: कामावर. नागपूरहून गोरखपूरची गाडी आहे, तिकीट आहेच. सुनौलीच्या सीमेवर दिदीचा माणूस घ्याले येते.

भगवंतराव: एकटी? नवरा इथं अन् बायको परदेशात? लोकं काय म्हणतीन?

विजयमाला: ते तं ऐकूनच जाऊन राहिली.

भगवंतराव: हे असं तिरपं नको बोलू. असं काय आहे तिकडं?

विजयमाला: चार हजार खुंट आहे. मागच्या हिवाळ्यात निम्मे डोळे मी भरले.

भगवंतराव: तू? डोळे भरले?

विजयमाला: हाव. खुंटाले काप देल्ला, संत्र्याचा डोळा बसवला, पट्टी बांधली. दिदीनं शिकवलं. तिकडं बायाच करते हे काम.

भगवंतराव: हेमराज, तू नाही सांगतलं कधी.

हेमराज: मले वाटलं तुम्हाले आवडणार नाही.

विजयमाला: लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तुमचा चाकू हातात घेतला होता, मामाजी. तुम्ही म्हणलं, ठेव, बाईच्या हातचा डोळा जगत नाही.

भगवंतराव: म्हणलो असन. माह्ये बाबा म्हणत, म्हणून म्हणलो असन. किती जगले तिकडं?

विजयमाला: शंभरातले ब्याऐंशी.

भगवंतराव: अन् याचे?

हेमराज: अठ्ठ्याहत्तर.

भगवंतराव: हं. मंग इथं दे ना हात. मी माह्या तोंडचा शब्द वापस घेतो. घरचं रोप, घरचा चाकू. कोणी काही म्हणणार नाही.

हेमराज: पाह्य! बाबा स्वतः म्हणून राहिले. आता काय अडचण आहे?

विजयमाला: चाकूचं नाही ते.

हेमराज: मंग कायचं आहे? बोल ना सरळ!

विजयमाला: मामाजी, आई कुठी गेल्या आहे आज?

भगवंतराव: लोधीखेड्याले. तिच्या बहिणीकडं.

विजयमाला: कायले?

भगवंतराव: आता तुले माहीत आहे तं विचारते कायले? तिथं कोणी वैदू आला म्हणते. गुण येते म्हणे त्याच्या औषधाले. तुह्या भल्यासाठीच गेली ना ते.

विजयमाला: सातवं औषध होय ते. आधीचे सहा बी मी गुमान खाल्ले. एकानं महिनाभर तोंड आलं होतं.

भगवंतराव: नऊ वर्षं झाले लग्नाले, सूनबाई. तिचा जीव तुटते.

विजयमाला: माहीत आहे मले. तुम्ही विचारलं ना, तिकडं काय आहे? सांगते. तिकडं गेली तं पहिले सहा महिने मले भाषा नाही समजे. सकाळी पाण्यावर बाया भेटत, काहीतरी विचारत. मी समजली, लेकराचंच विचारून राहिल्या असतीन. मान हलवून पुढं निघून जाई. मंग भाषा समजाले लागली. तं त्या विचारत, भात खाल्ला का?

भगवंतराव: भात?

विजयमाला: तिकडची राम-राम होय ते. रोजची. दिदीनं एक डाव विचारलं, लेकरं किती आहे म्हणून. मी म्हणलं, नाही. ते म्हणे, बरं, चहा पिते का? तेवढंच. त्याच्यानंतर नाही विचारलं. मामाजी, त्या दिवशी मी तीनशे डोळे भरले. बोटं दुखले नाही.

हेमराज: तू मले हे कधीच नाही बोलली.

विजयमाला: तुम्हाले गावाची आठवण ये. कशी बोलू?

भगवंतराव: लोकाच्या तोंडाले कोण हात लावते, बाई. चार दिवस बोलतीन.

विजयमाला: परवा कवडूभाऊजीच्या पोराचं बारसं होतं. मी लेकरू घ्याले हात पुढं केला तं शेजारच्या जयवंताबाईनं वरच्यावर उचलून घेतलं. म्हणे, राहू दे, तुले कशी सवय असन. पाळण्याले हात लावू देल्ला नाही.

हेमराज: परवा? मी होतो ना तिथं.

विजयमाला: तुम्ही मंडपात होते. हसण्याचा आवाज येत होता तुमचा. मी आतमधी होती.

भगवंतराव: ते जयवंता तं आहेच तशी. तिचं नको घेऊ मनावर. अन् देवानं एखाद्याले नाही देल्लं तं नाही देल्लं. नागपूरच्या डॉक्टरनं तुह्यात दोष काढला तवाच मी तुह्या सासूले म्हणलं होतं, पोरीची काय चूक आहे त्यात? बोललो होतो का नाही, हेमराज?

हेमराज: बोलले होते.

भगवंतराव: मंग? आम्ही काही तुले घरातून काढलं नाही, दुसरं लग्न म्हणलं नाही. चुकीचं बोललो का मी?

विजयमाला: नाही, मामाजी. मी दोरीवरचे कपडे घेऊन येते.

हेमराज: थांब.

विजयमाला: राहू द्या ना.

हेमराज: थांब म्हणलं ना. बाबा, तसं नव्हतं ते.

भगवंतराव: काय तसं नव्हतं?

हेमराज: डॉक्टरनं तिच्यात नव्हता काढला दोष. ते बिलकुल ठीक आहे. माह्यात आहे.

भगवंतराव: काय म्हणतं?

हेमराज: माह्यात आहे, बाबा. दोन डाव तपासणी झाली. सहा वर्षं झाले त्याले.

भगवंतराव: अन् घरी येऊन तू सांगतलं...

हेमराज: आई दारातच उभी होती. म्हणे, काय निघालं हिच्यात? मी हाव म्हणून बसलो. तोंडातून गेलं. रात्रीतून पुऱ्या गावाले माहीत झालं. मंग वापस कसं घेऊ?

भगवंतराव: सूनबाई, तू काहून नाही बोलली? तुह्याजवळ तं जीभ होती.

विजयमाला: यायनं हात जोडले. माह्या नवऱ्यानं माह्यासमोर हात जोडलेले मले पाहवले नाही. मी म्हणलं, चार महिने. चार महिन्यात विसरतीन लोकं.

भगवंतराव: सहा वर्षं झाले.

विजयमाला: हाव.

हेमराज: म्हणून तं नेपाळचं काम आलं तवा मी लगेच हाव म्हणलो, बाबा. तिले इथून बाहेर काढाचं म्हणून.

भगवंतराव: अन् मंग तुलेच घर आठवाले लागलं.

हेमराज: हाव.

भगवंतराव: आठवनच ना रे. तुले इथं कोणी काही विचारलंच नाही.

हेमराज: मी आईले सांगतो.

भगवंतराव: केव्हा? तुह्यं "सांगणारच होतो" मी आत्ताच ऐकलं दोन डाव.

हेमराज: आज सांगतो. आली का सांगतो.

भगवंतराव: घरी नको. ते घरात आली का जयवंता येते मागोमाग, मंग तू चहा पीत बसशीन. फाट्यावर जा. बसमधून उतरली का तिथंच सांग, रस्त्यावर. रडन, बोलन, तुले चार शिव्या देईन. ऐकून घे. अन् ते औषधाची पुडी घरात नाही आली पाहिजे.

हेमराज: जातो. विजू...

विजयमाला: जा.

हेमराज: उद्या तू जाशीनच का?

विजयमाला: मी जबान देल्ली आहे.

हेमराज: अन् मी?

विजयमाला: मले नाही माहीत. खरंच नाही माहीत. पहिले फाट्यावर जा तुम्ही.

भगवंतराव: तू हिवाळाभर इथंच राहाचं. तुले गाव आठवते ना? राह्य गावात. जो विचारन त्याले खरं सांग. कवडूले सांग, त्या जयवंताले सांग. फागुनात तोंड उचलून तिच्यासमोर जाता आलं तं जा, घेऊन ये नाहीतं तिथंच राह्य. ते तुम्ही दोघं पाहा. सूनबाई, उद्या नागपूरपर्यंत मी येतो. गाडीत बसवून देतो तुले.

विजयमाला: तुम्ही कायले तकलीफ घेता, मामाजी?

भगवंतराव: येतो म्हणलं ना. जा रे, उभा काय राहिला? चप्पल घाल.

हेमराज: जातो.

भगवंतराव: गेला. पाय कसे टाकून राहिला पाह्य, शाळेत चालल्यासारखे. तू बस जरा. कपडे वाळतीन अजून. एक विचारू?

विजयमाला: विचारा.

भगवंतराव: तो एवढं सांगते, भाकर, ऊन, वावर. तुले खरंच काहीच नाही आठवलं तिकडं? तीन वर्षांत?

विजयमाला: एक आठवे.

भगवंतराव: काय?

विजयमाला: भांडण.

भगवंतराव: भांडण?

विजयमाला: नेपाळी येते मले आता. बाजार करता येते, गडीमाणसं कामाले लावता येते. पण भांडता येत नाही. भांडाचे शब्द कोणी शिकवत नाही ना, मामाजी. म्हणून तिकडं मले चांगलंच राहावं लागते. कोणी काही म्हणलं तं हसाचं.

भगवंतराव: इथं बी तं तू कधी भांडली नाही.

विजयमाला: नाही. इथं शब्द होते तरी.

भगवंतराव: मंग आता भांड.

विजयमाला: कोणाशी?

भगवंतराव: मी बसलो आहे ना. बस याले अर्धा घंटा आहे अजून.

विजयमाला: राहू द्या. तुम्हाले कशी बोलू?

भगवंतराव: बोल. उद्या तू जाशीन, मंग मी कोणाले म्हणू बोल म्हणून?

विजयमाला: नऊ वर्षं झाले, मामाजी. या अंगणात कोणी ना कोणी येऊन मले बोलून गेलं. तुम्ही इथंच बसून असत, या खुर्चीवर. तुम्हाले सारं ऐकू ये. एक डाव बी तुम्ही म्हणलं नाही, बस करा.

भगवंतराव: हाव. नाही म्हणलं. पुढं बोल.