शेवटची सहा पत्रं

— नाही ताई, फाइल बघा, हवी तेवढी बघा, इथे काउंटरशी बसून बघा, पण छापायला मिळायची नाही. तुमचा प्रबंध मी वाचलाय हो, बिजागऱ्यांच्या खोक्यावर ठेवून दोन दुपारी वाचलाय. पण त्या दोघा सरांच्या पत्रांचं पुस्तक नको. का? आता एवढ्या लांबून आलात तर खरंच सांगतो — मला या मंडळाची शिसारी आलीय. एकाच लेखकाला वाहिलेलं मंडळ. लेखक सुटला बिचारा, तीस वर्षांपूर्वीच वारला, अडकलो मी. सोळा वर्षं चिटणीस. कुलपं-कड्या विकणारा माणूस, शाळा सातवीत सुटली — मला का केलं चिटणीस? एका विद्वानाला केलं असतं तर दुसरा रुसला असता, आणि टाइपरायटर माझ्याकडे होता, म्हणून.

थोरले सर आणि धाकटे सर, मंडळात असंच म्हणायचो आम्ही, त्यांचं बोलणं बंद. कशावरून? तर लेखकाच्या शेवटच्या कादंबरीत ती बाई दाराला कडी न लावताच झोपते आणि पुस्तक संपतं. थोरले म्हणतात, ही मुक्ती. धाकटे म्हणायचे, हे मरणाला आवतण. यावर अकरा वर्षं पत्रं, ताई! तीही एकमेकांना नाही, मला — मंडळाचा नियमच तो, वाद चिटणिसामार्फत. दोघांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मी टाइप करून पुढे धाडायचो. शिव्या गाळून. जिथे ‘गाढव’ तिथे ‘आदरणीय मित्र’.

मग एक दिवस धाकट्या सरांच्या लेकीचं कार्ड आलं. बाबा गेले, यापुढे काही पाठवू नये. दोन ओळी. ते खिशात घालून बैठकीला गेलो, म्हटलं, दोन मिनिटं उभे तरी राहू सगळे. बैठकीत विषय काय — लेखकाची तसबीर चष्म्यासह लावायची की चष्म्याविना. दोन तास तेच. मी तीनदा उठलो, अध्यक्ष तीनदा म्हणाले, चिटणीस, बसा. बिस्किटं संपली तशी सभा संपली. एकानंही विचारलं नाही हो, धाकटे सर का नाही आले म्हणून. कार्ड तसंच खिशात घेऊन घरी आलो. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

आणि चार दिवसांनी थोरल्या सरांचं पत्र हजर, तीन पानी, धाकट्यांना सोलून काढलेलं. वर रोज दुकानात फोन — काय चिटणीस, बोलती बंद झाली का त्याची? आता यांना काय सांगू? बायको गेली, पाय गेले, एका खोलीत पडून असतात. सून सांगते, पत्र आलं की दोन घास जास्त जातात. ज्याच्याशी भांडायचं तो एकच उरलेला, तोही गेला म्हणून सांगू? मग... धाकट्यांचं उत्तर टाइप केलं.

हो, मी. शेवटची सहा. तुम्ही ज्यांना ‘सर्वांत परिपक्व’ म्हणालात, तीच. त्यात मी काय लिहिलंय? दमट हवेनं दार फुगलं होतं, कडी बसेना, बाई दमलेली, झोपली. रोज चार गिऱ्हाइकं हीच तक्रार घेऊन येतात की माझ्याकडे. तुम्ही त्याला ‘वास्तवाकडे परतणं’ म्हटलंत. मी ते पान बायकोला वाचून दाखवलं. दोनदा. मेलेल्या माणसाच्या नावावर कौतुक खातोय, कळत होतं मला. स्वतःचीही किळस आली, नाही असं नाही, पण वाचलं. आता पुस्तक निघालं तर धाकट्यांची लेक तारखा बघेल, बोभाटा होईल, आणि थोरल्या सरांना कळेल की गेली दोन वर्षं ते एका कुलूपवाल्याशी भांडतायत.

काय? ती सहा वगळून छापता?

वगळून म्हणजे? नाही, सोय होईल, माझीच अडचण टळेल, समजलं मला. पण ताई, घटकाभरापूर्वी परिपक्व होती ना? त्यातला शब्द हलला नाही एक. ‘बनावट’ — बरं. म्हणजे तुम्हीही खालची सहीच वाचता. मग आमच्या बैठकीत तुमची खुर्ची पक्की समजा.

द्या ती फाइल इकडे. ती सहाही छापायची नाहीत आणि उरलेलीही नाहीत. या तुम्ही आता, फोन वाजतोय.

— हां, बोला सर. आलंय ना, आजच आलंय उत्तर. फार बोललेत तुम्हाला.