फळ्यावर काकांच्या नावापुढे

मी, लाँड्रीचा मालक, वय छत्तीस, धंदा कपडे धुलाई व इस्त्री, राहणार लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, समक्ष हजर राहून सांगतो की, माझे सख्खे काका, वय एकाहत्तर, काल सकाळपासून बेपत्ता आहेत. त्यांना साखरेचा त्रास आहे. इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्येच राहिलं आहे. तरी कृपा करून लवकर हालचाल व्हावी.

काका अविवाहित असून आमच्याकडेच राहतात. वडील वारल्यापासून धंदा मी पाहतो. काका दिवसभर लाँड्रीत असतात.

हॉस्पिटलच्या चादरी सारख्या उशिरा जात होत्या आणि विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. धंदा सुधारायचा तर कोणाचं काम काय ते आधी ठरवा, असं मी एका शिबिरात ऐकून आलो होतो. म्हणून परवा दुपारी सगळ्यांना इस्त्रीच्या टेबलापाशी बोलावून भिंतीवर फळा लावला. मशीनवरच्या मावशींपुढे धुणं व सुकवणं, इस्त्रीवाल्यापुढे इस्त्री व घड्या, असं माझी बायको लिहीत गेली. मग तिने विचारलं, "काकांपुढे काय लिहू?" काका म्हणाले, "लिही, चहा पितो." सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "काका, तुम्ही आता आराम करा. उगाच कामात लुडबुड नको." काका "बरं बाबा" म्हणाले आणि फडकं घेऊन आपलं नाव स्वतःच पुसलं. मी अडवलं नाही. तेव्हा माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

काल सकाळी त्यांची खोली रिकामी होती. फिरायला गेले असतील, असं धरून मी फळ्याप्रमाणे काम सुरू केलं. थोड्याच वेळात ओलसर चादरींवरून मावशी आणि इस्त्रीवाल्याची चांगलीच जुंपली. मावशी म्हणाल्या, "माझ्यासारखं धुणं कोणाला जमत नाही, असं काकांना सांगतोस आणि तोंडावर हे?" तो म्हणाला, "मी? अहो, तुम्हीच माझ्या घडीचं कौतुक करता म्हणे!" मग दोघांनीही हातातल्या चादरी खाली ठेवल्या. दोघांनी एकमेकांचं कौतुक उभ्या जन्मात केलेलं नव्हतं. काका एकाच्या शिव्या ऐकून घेत आणि दुसऱ्याला कौतुक नेऊन पोचवीत. आम्हाला वाटायचं, म्हातारा गप्पा छाटतोय.

लगेच लाँड्री बंद करून आम्ही शोध घेतला. बस स्टँड, दवाखाने, बाग, जुने मित्र, कुठेही मिळून आले नाहीत. मावशी आणि इस्त्रीवाला एकाच स्कूटरवर अजून फिरत आहेत.

वर्णन: उंची मध्यम, रंग सावळा, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. अंगावर कोणते कपडे होते ते मला सांगता आलं नाही. बायकोला फोन करून विचारलं. करडा शर्ट, काळी पँट.

कोणी घालवून दिलेलं नाही, असं हवालदार साहेब लिहीत होते. ते मी लिहू दिलं नाही.

काका सापडल्यास पुतण्या रडतोय, माफी मागतोय, असं काही त्यांना सांगू नये. ते हसण्यावारी नेतील आणि येणार नाहीत. एवढंच सांगावं की लाँड्रीत दोघांचं कडाक्याचं भांडण लागलंय आणि कोणाच्या बापाच्याने मिटत नाहीये. असतील तिथून उठून येतील. हे जबाबात बसत नाही, असं साहेब म्हणाले. माझ्या आग्रहावरून घेतलं आहे.

लिहिलेलं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. भांडण अजून चालू आहे, तेवढं खोटं आहे. बाकी मी सांगितल्याप्रमाणे खरं आणि बरोबर आहे.