ट्रॅक्टरवर वाजंल अशी आई

...आणि वर मलाच म्हणतोय, "मोठी करून आणली की रे, अजून काय पायजे तुला?" काय पायजे! तुम्हाला सांगतो, ह्या आमच्या आण्णासाहेबाला, म्हंजे माझ्या थोरल्या चुलत्याला, गावानं दोनदा सरपंच केला, तिथंच त्याच्या डोक्याची कवाडं लागली.

आई गेली मागच्या आखाडात. देवीच्या आराधी मेळ्यात गायची, लई खणखणीत. तिची सगळी गाणी मी माझ्या मोबाईलवर घेतलेली, एम-फोर-ए फाईल. जसंच्या तसं सगळं... ती दम घेती ते, बांगड्या वाजत्यात ते, मधीच "शिवराज, गॅस बंद कर" म्हणती तेबी! जित्ती होती तवा हाच आण्णा ओसरीवरनं खेकसायचा, "त्या सिताबाईला सांगा रे कुणीतरी, आवाज कमी करा, माणसं बसल्यात!"

आता मेल्यावर ह्याला माया सुटली. "वर्षश्राद्धाला ट्रॅक्टरवर वाजवू!" ट्रॅक्टरचा टेप एम-पी-थ्रीशिवाय काय खात न्हाय. मी म्हणालो, "आण्णा, मी करून देतो, पण मूळ फाईल ठेवायची. दाबून बारीक केली की आतलं जातं, ते परत येत न्हाय. ताकाचं दूध होत न्हाय!" तर म्हणतो कसा, "बीए अर्ध्यात सोडलेल्यानं मला दूध-ताक शिकवू नये. आण फोन इकडं!" आणि हिसकावलाच.

कुठलंतरी फुकटचं ॲप घेतलं, 'सगळ्यात लहान'वर बोट दाबलं. का? तर ट्रॅक्टरच्या टेपात घालायच्या त्याच मेमरी कार्डात ह्याला सोताची भाषणं बसवायची होती! झेंडावंदनाची! मग ह्यो फोनात बघतो तर प्रत्येक गाणं दोनदा, एक मोठी फाईल, एक बारीक. ह्यानं काय करावं? मोठी उडवली! वर कचराकुंडीबी रिकामी! मी बोंबललो तर शांतपणे म्हणतो, "मतदार यादीत एक नाव दोनदा आलं तर एक कापावंच लागतंय. हयातभर तेच केलं म्या."

कापलं! आणि उरलं काय, तर पत्र्याच्या डब्यात कोंडलेली गांधीलमाशी. बांगड्या न्हायत, दम न्हाय, गॅस तसाच चालू!

"बारीक झाली व्हय? मग मोठी करू, त्यात काय!" गेला नळदुर्गला, शांतलिंगच्या मोबाईलच्या दुकानात. शांतलिंगचं काय, गिऱ्हाईक म्हणंल ते करून देतोय, म्हैस आणली तर तीबी एम-पी-थ्री करंल. आण्णा परत आला तो छाती काढून. "हे बघ, आकडा वाचता येतो का? पयल्यापेक्षा जास्त एमबी भरली! आता बोल!" बोललोच, अहो आण्णा, तीच गांधीलमाशी मोठ्या डब्यात घातली तुम्ही! ताकाचं दूध होत न्हाय ओ! तर म्हणतो, "मग कम्प्युटरचा क्लास काय माशा मारायला लावला होतास?"

काल झालं वर्षश्राद्ध. दारात ट्रॅक्टर, वर भोंगा. आधी चुकून ह्याचंच भाषण लागलं, लोकांनी ते बुंदीसंगं गिळलं... मग आई. चींऽऽ करत. आणि तुम्हाला सांगतो, पंगतीतली सगळी म्हातारी माना डोलवायला लागली! गोरोबातात्याला हातभर अंतरावरचा कुत्रा भुकलेला ऐकू येत न्हाय, तो डोळे पुसत म्हणतो, "अगदी अशीच गायची बरं का सिताबाई!" आण्णा टोपीनं नाक पुसतोय, "तसूभर फरक न्हाय, तात्या!"

न्हाय! खोटं! अशी न्हवती गात... ओरडणारच होतो मी. पण कशाच्या जोरावर? ऐकवू काय? भोंग्यात आहे तेवढीच आई आता, आणि ही सगळी तिची साक्षीदार.

बादली उचलली. तात्याच्या पत्रावळीशी वाकलो आणि म्हणालो, "व्हय तात्या, अशीच गायची... बुंदी वाढू?"