माती ओळखली अन् गप्प राह्यली

माहं नाव कौसल्या. कौसल्याबाई लिवा, आता वय झालं. जलम मूल गावाकडच्या एका खेड्यातला, बाप तलावात जाळं टाके अन् माय लोकाइच्या भिंती लिपे. भिंती म्हनजे कुडाच्या. तुम्ही शहरातल्या, तुम्ही कुड पाह्यला नसन. बांबू फाडून ताट्या विनाच्या, त्या उभ्या कराच्या, दोन्ही अंगानं माती थापाची, झाली भिंत. माय माही माती हातात घे, दाबे, नाकाशी ने अन् सांगे, हे चालन, हे नाई चालन. मी तिच्यामागं चिखल तुडवाले राहो. तिनं बसवून शिकवलं असं काई नाई, पन पायालेच मालूम झालं. तलावातली काळी माती लोन्यावानी लागते, हातात घेतली का मन खुश होते, पन ते दगाबाज हाये, वाळली का तडकते. जुन्या वस्तीवरची पांढरी माती घ्याची, त्यात रेती, धानाचं तनीस, म्हनजे वाळला पेंढा, कापून टाकाचं, अन् आठ दिवस सडू द्याचं. मंग बेलाच्या गराचं पानी. मातीले वास सुटल्याबिगर भिंतीले हात लावाचा नाई, हे मायचं सांगनं.

लगन होऊन या गावात आली, वैनगंगेच्या काठी. मासोळीवर पोट भरे ना, म्हून मालकानं गडचांदूरचा रस्ता धरला. सिमेंटचं गाव ते, तिथी सारखं कुठी ना कुठी बांधकाम चालू. मालक मिस्त्रीच्या हाताखाली अन् मी रेजा, डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढाची. वीस वर्स चढली मी. अन् काय सांगू तुम्हाले, मले त्याचा गर्व होता. गावाले आली का कुडाच्या घराइकडे पाहून मी नाक मुरडो. म्हनो, का गा, तुम्ही अजून मातीतच राहून राह्यले का? मायनं दिलेलं मी असं टाकून देल्लं होतं.

आता रंजनाचं सांगतो. रंजना माही जाऊ, धाकल्या दिराची बायको. माहेर तिचं चंद्रपूरचं, घरात फरशी, तिले साधं सारवता येत नव्हतं. शेनाचा गोळा दोन बोटानं उचले, अशी. गडचांदूरले जाच्या पहिले मीच तिचा हात धरून शिकवलं, असा फिरव वं, असा अर्धा चांद काढ. सासू हासे. तवा मी तिच्यावर जीव लावला, खोटं काऊन बोलू. मले बाईच म्हने ते, मोठ्या बहिनीवानी. बाई, हे कसं करू, बाई, ते कसं करू.

मालकाच्या गुडघ्यानं दगा देल्ला अन् आम्ही गावाले वापस आलो. त्याच वर्सी शाळेच्या पटांगनात सभा झाली. शहरातली एक इंजिनेर पोरगी आली होती, सारे तिले मॅडम म्हनत. तिनं सांगतलं, सिमेंट भाजाले कोळसा जाळा लागते, इटा भाजाले जाळा लागते, तो सारा धूर वरती जाते अन् उनाळा तपवते, म्हून आपुन नवीन घरं बांबू अन् मातीची बांधू, पन जुन्यासारखी नाई, खाली गोट्याची जोती, बांबू औषधाच्या पान्यात भिजवलेला, म्हनजे घुन लागत नाई, वरती कवेलूचं छप्पर. अन् हे काम बाया करतीन. कार्बन कमी, कार्बन कमी, असं ते घडीघडी म्हने. मी मागं बसली होती, मोठ्यानं हासली. म्हनलं, मॅडम, आम्ही सिमेंटच्या गावात वीस वर्स काढले, आता पुन्हा चिखलात पाय टाकू का जी? साऱ्या बाया हासल्या. मले भलतं भारी वाटलं. रंजना हासली नाई. तिनं हात वर केला, म्हने, माहं नाव लिवा.

तिथून सुरू झालं पाहा. रंजना शिकाले गेली, दोन महिने. वापस आली तं डोक्यावर पिवळी टोपी, हातात टेप, अन् बोलनंच बदललं. लोड, ओलावा, कोन, असं बोले. पेपरात फोटो आला तिचा, मातीची मिस्त्रीन म्हून. दिरानं तो पेपर घरोघरी नेऊन दाखवला, माह्याही घरी आनून देल्ला. मी काय केलं असन? तो पेपर फडताळात खाली आथरला अन् वरती तेलाचा डबा ठेवला, बराबर तिच्या तोंडावर. हाव, केलं मी असं. लपवून काय करू, तुम्ही आयकाले बसल्या, मी सांगाले बसली.

माही पोरगी बारावीले होती. ते एक दिवस म्हने, आई, काकूसारखं व्हावं बाईनं. पोटात जसा कोनी जळता कोळसा ठेवला. अवं, तुह्या काकूले शेनात हात घालाले मी शिकवलं! हे मी मनातच म्हनलं. रंजना घरी ये, म्हने, बाई, येता का आमच्या कामावर, तुमच्यासारखा हात कोनाचा नाई. मी म्हनो, माही कंबर दुखते. कंबर काई दुखत नव्हती. तिच्या हाताखाली जानं मले सहन होत नव्हतं.

गावात पहिलं घर ठरलं ते तुळसाबाईचं. तुळसाबाई शाळेत खिचडी रांधे, नवरा नाई, दोन पोरी, अन् राहे टिनाच्या खोपटात. आमच्या इकडचा उनाळा तुम्हाले मालूम हाये का? चंद्रपूरचा उनाळा, टिनाखाली मानूस शिजते. तिच्या लहान पोरीले मागच्या मे महिन्यात झटके आले होते, डॉक्टर म्हने, घरात थंडाई पाहिजे. म्हून तुळसाबाईनं हिंमत केली. साऱ्या गावाची नजर त्या घरावर होती, तिचं पाहून अजून चार घरच्या बाया हाव म्हनाले तयार होत्या.

जोती झाली, बांबूचा सांगाडा उभा झाला, ताट्या लागल्या. काम सुरेख होतं, मले मानाच लागन. मंग माती आली. मी पान्याची गुंडी घेऊन तिकडून चालली होती. माती पाह्यली अन् पाय थांबले. तलावातली काळी माती. रेती नावाले. तनीस कालचं टाकलेलं, पिवळं जर्द, सडलंच नव्हतं. मी वाकली, चिमूटभर घेतली, दाबली, नाकाशी नेली. काई वास नाई.

रंजना घामानं ओली, माह्याकडे आली. चार दिवसानं मोठे सायब लोकं पाहाले येनार होते, तिले घाई होती. म्हने, बाई, माती बराबर हाये का जी? शिकलो तिथली माती दुसरी होती, मले काई समजून नाई राह्यलं.

असं इचारलं तिनं, हात जोडल्यावानी. अन् मी काय म्हनलं? मी म्हनलं, मले काय इचारतं वं, शिकून तं तू आली.

गुंडी उचलली अन् घरी आली.

सायब लोकं आले त्या दिवशी मीही गेली पाहाले, नवी साडी नेसून गेली, त्यावरून समजा. मॅडम बोलून राह्यली होती, फोटो काढून राह्यले होते. भिंतीवर बारीक रेघा दिसत होत्या, कोळ्याच्या जाळ्यावानी. मंग दक्षिनेकडच्या भिंतीचा लेप सुटला, एक मोठा खपला, मानसायेवढा, धपकन पडला अन् तुळसाबाईच्या पायावर आला. बोटं फुटले तिचे. अन् मागून दुसरा. आतल्या ताट्या उघड्या पडल्या. लोकं हासले. कोनी म्हने, हेच का नवीन घर, याच्यापेक्षा कोंबड्याचं खुराडं बरं. चारही बायाइनं तिथंच नावं काढून घेतले. रंजना खाली बसली, तोंडावर मातीचे हात ठेवून.

अन् मले काय वाटलं? आनंद झाला. तुम्ही नका करू मान अशी, खरंच झाला. पन तो आनंद घरी पोहोचेपर्यंत टिकला नाई. घरी येऊन चूल पेटवली तं फुंकर मारवे ना. डोळ्यापुढं तुळसाबाईचा पाय.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई आली लंगडत, पायाले फडकं बांधलेलं. बसली. मी पानी देल्लं, तिनं घेतलं नाई. म्हने, बाई, तुम्ही माती हुंगली होती, मी सांगाड्यामागून पाह्यलं. तुम्ही हुंगली, तोंड वाकडं केलं अन् चालल्या गेल्या. रंजनावर तुमचा राग असन, माह्या पोरीनं तुमचं काय केलं होतं?

एवढं बोलून ते उठून गेली. तिनं गावात कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं बरं झालं असतं, असं वाटे मले. दोन दिवस मी घराबाहेर निंगाली नाई. मालक म्हने, काय झालं तुले? मी त्याइले सांगतलं. ते म्हनले, मले काऊन सांगतं, तिले सांग.

गेली मी. रंजना अंगनात बसून टेप गुंडाळून राह्यली होती, वापस द्याले. मी उभ्या उभ्या सांगतलं. माती खराब हाये, मले मालूम होतं, तू इचारलं तवाच मालूम होतं, मी मुद्दाम सांगतलं नाई, मले तुह्या फोटोचा राग होता. वाटलं रडन, नाई तं शिव्या देईन. तिनं टेप खाली ठेवून माह्याकडे पाह्यलं, मी त्या नजरेत पार लहान होऊन गेली. मंग म्हने, उद्या सकाळी साइटवर या. अन् चपला घालून येऊ नका.

एवढंच. बाई म्हनली नाई त्या दिवशी.

सारा लेप काढला आम्ही. जुन्या वस्तीवरून पांढरी माती आनली, नदीची रेती, तनीस. खड्डा केला अन् मी त्यात उतरली, वीस वर्सानं चिखलात पाय टाकला, अन् पायाले सारं आठवलं. रंजना माह्याबरोबर तुडवे, पन बोले नाई. मॅडम घाई करे, मी म्हनलं, आठ दिवस म्हनजे आठ दिवस. सहाव्या दिवशी वास सुटला, खराब वास. मॅडमनं नाक दाबलं. रंजनानं मातीत हात घातला, हुंगला, अन् पहिल्यांदा बोलली, हाच का? म्हनलं, हाव, हाच. आठ दिवस भरले तवा बेलाचं पानी टाकलं, लेप चढवला, सावलीत वाळू देल्ला. एक रेघ नाई उमटली.

मे महिना त्या घरात काढला तुळसाबाईच्या पोरींनी. बाहेर आग अन् आत सावली. लहान पोरीले झटका आला नाई. चार बायाइतल्या तीन वापस आल्या नाव द्याले, चवथीनं स्लॅबच टाकला, तिची मर्जी.

आता तुम्हाले वाटन, मंग सारं गोड झालं. मॅडमनं ते मातीचं माप पुस्तकात छापलं, अन् वरती लिवलं, रंजनाताईच्या चमूनं तयार केलेली पद्धत. चमू! माह्या मायचं काम ते. रंजना म्हने, मी तुमचं नाव सांगतलं होतं, त्याइनं छापलं नाई. असन खरं. पन शिकवाले जाते तिथी ते माही गोष्ट बराबर सांगते. म्हनते, गावात माती ओळखनारं मानूस राहाते, पन ते गप्प राहू शकते, त्याले पहिले चहा पाजा अन् बोलतं करा. लोकं हासतात म्हने. मले राग येते. पन खोटं तं नाई नं बोलत ते.

मी आता तिच्याच कामावर हाये. माती पाहानं माहं, बाकी सारं तिचं. बाई म्हनते आता, एका वर्सानं म्हनाले लागली. जेवाले बसलो का भाजी वाढते. तरी सायब लोकं आले अन् तिलेच खुर्ची देल्ली का माह्या आत जळते ते जळतेच, वयानं गेलं नाई, देवाले हात जोडले तरी गेलं नाई.

सध्या रंजना वरोऱ्याकडे हाये, तिथी वस्तीतले घरं बांधून राह्यली. आज सकाळीच फोन आला. बाई, इथी कापसाची काळी माती हाये सारी, काय करू जी? मी सारं सांगतलं, किती रेती, कोनतं तनीस, किती दिवस, काई हातचं राखलं नाई. फोन ठेवला अन् वाटलं, आता याचाही फोटो येईन तिचा. येऊ द्या. तिच्या भिंती उभ्या राहो, त्यात झोपनाऱ्याइले थंडाई लाभो, हे मी मनातून म्हनतो. बाकी जे जळते ते माह्यापाशी राहो, त्यानं कोनाची पोर तपत नाई.