गणेशाय सापडत नाही

चहा थंड झाला तरी चालेल, पण माझा राग आधी ऐका. परवा देवासला भावाकडे होतो. पुतण्या मंदारची नोकरीची परीक्षा. बारा वाजता घरूनच, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून ऑनलाइन साहेबांना जावा भाषेतला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. साडेअकराला पोरगं ओरडलं, “काका, ये आपकाच काम है!”

पडद्यावर आलं होतं, ‘गणेशाय’ नावाचा मुख्य क्लास, म्हणजे चालवायचा प्रोग्राम, सापडत नाही.

वहिनी तडकल्या, “भाऊजी, देवाची तरी थट्टा सोडा!”

“वहिनी, मी सातवी नापास! मला ते मशीन चालूसुद्धा करता येत नाही!”

कोण ऐकतंय? जन्मभर खोड्या केल्यात ना. वहिनींनी मला गणपतीपुढे नाक घासायला लावलं. इकडे मंदारने रडकुंडीला येऊन धारच्या मित्राला फोन लावला.

मित्र म्हणाला, “भिया, फोल्डरचं नाव काय ठेवलंस?”

“श्री गणेशाय नमः. आई बोली, पहिलं नाव देवाचं.”

“अरे, मग क्लासपाथमध्ये, म्हणजे प्रोग्रामपर्यंतच्या रस्त्यात, मोकळी जागा आली ना! मशीनने ‘श्री’पाशीच रस्ता संपवला आणि ‘गणेशाय’ला प्रोग्राम समजलं. पूर्ण रस्त्याच्या दोन्ही टोकांना डबल कोट लाव, म्हणजे ते सगळं एकच नाव धरेल.”

लावले, आणि बाराच्या आत प्रोग्राम चालला. माझी माफी कुणी मागितली? माफीचं नाव नको! पण खरा संताप सांगू? साठ वर्षांत इतकी झकास खोडी मला कधी सुचली नाही, आणि माझ्या सोवळ्या वहिनीने ती नकळत करून टाकली!