आजीने लाडाने बोलावे

२०२३ सालचा ऑक्टोबर, पानगळीचे दिवस होते. माझी नात मीरा हिने ट्रॉय गावातल्या आमच्या घरी, बेसमेंटमध्ये, अगदी किरकोळ खर्चात एक भयपट केला. नातीला घराबाहेर जाऊ न देणाऱ्या आजीचे काम मला दिले. मीराला स्वतःला अटलांटात नोकरी मिळाली होती. पण तिची आई, म्हणजे माझी सून शुभदा, तिला पाठवायला तयार नव्हती.

संहितेत आजी किंचाळत होती. मी म्हटले, “किंचाळणाऱ्या बाईला कोणी घाबरत नाही. मी लाडाने बोलेन.”

“आजी, पण स्केअरी व्हायला हवं ना!”

“होईल.”

चित्रपटात नात निघाली की मी तिच्या तळहातावर दही घालत असे आणि मनगट सोडत नसे.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सर्वांनी चित्रपट पाहिला. माझ्या मुलाने तर मध्येच दिवा लावला. शुभदा मात्र शांतपणे म्हणाली, “यात भीतिदायक काय आहे? काळजी करतेय बिचारी.”

“मॉम, तिने गाडीची बॅटरी काढून लपवलीय!”

“मग? बर्फात ड्राइव्ह करू द्यायचं का पोरीला?”

शुभदाने आमचे चेहरे एकेक करून पाहिले. मग तिने मीराला विचारले, “अटलांटाला कधी रुजू व्हायचंय तुला?”