शर्टाची राहिलेली बाही

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता मी उमापूरच्या फाट्यावर उभा राहून चहा पीत होतो. तिथूनच सुरू करतो. कारण तेवढंच मला नक्की माहीत आहे.

शेट, चाची, ड्रायव्हर भावांनो. कासीमचाचांच्या शोकसभेला तुम्ही कामं टाकून आलात. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. शाळा सातवीत सुटली. लिहून आणलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कासीमचाचांच्या ट्रकवर मी दुसरा ड्रायव्हर. शेटचा नियम इथं सगळ्यांना ठाऊक आहे. माल उतरला की चाचांनी रिकामा ट्रक उमापूरला घरी न्यायचा. पण फाट्यापासून घरापर्यंत गाडी चाचांची; डिझेल त्यांचं, जबाबदारी त्यांची. फाट्याच्या अलीकडं गाडी शेटची.

चाचा हा नियम अंगावर पाळायचे. घरी जाताना फाट्यावर थांबून खाकी शर्ट काढायचे, केबिनमधल्या खुंटीला अडकवायचे. सकाळी तिथंच थांबून घालायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, कावून हा रोजचा तमाशा? घरूनच घालून येत जा की."

चाचा म्हणाले, "गण्या, शर्ट अंगात हाय तवर मी शेटचा. काढला की तुझ्या चाचीचा. तिच्या वाट्याचं शेटला कावून देऊ बे?"

चाची, तुम्ही रडताय. त्या दिवशी आम्ही लई हसलो होतो.

मंगळवारी ट्रक आला. नीट बाजूला थांबला. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मी ऐकला. चहा संपवला. चाचा हाक मारीनात. दार उघडलं, तर डोकं स्टिअरिंगवर. डावा हात शर्टाच्या बाहीत. उजवी बाही पाठीवर लोंबत होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आता विमावाले विचारतात, चाचा कामावर होते का? असतील तर चाचीला भरपाई मिळेल. नसतील तर नाही.

शेटचे दिवाणजी मला म्हणाले, "गणेश, मागं ज्वारीचं पोतं होतं ना? म्हंजी दळणाला निघालता. घरचं काम."

पोतं होतं. मी खोटं बोलणार नाही. फाट्यावरच्या गिरणीत ते टाकायचं होतं. पण वडवणीला कापूस भरायला शेटनीच बोलावलं होतं, तेही खरं. मागं पोतं चाचांचं, हातात बाही शेटची. मग माणूस कुणाचा? ट्रक तर बरोबर फाट्यावर उभा. अलीकडं म्हणू की पलीकडं? अर्धा माणूस कामावर असतो का? मला कळत नाही. खरंच कळत नाही. तुम्हाला कुणाला कळतंय का?

मला विचारलं तर मी एवढंच सांगेन. सकाळ होती. सकाळी चाचा शर्ट काढत नसत. घालत असत.

पण माझ्या सांगण्यानं काय होणार? उद्या विमावाले शेटचा शब्द घेणार आहेत.

शेट, इतकी वर्षं दोन्ही बाह्या चाचांनी आपल्या हातानं घातल्या. ही एक राहिली. ती तुम्ही घाला.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. शेट, तुम्हीही आत्ता उत्तर देऊ नका.

चाचा, सलाम.